दुसरा रेझिस्टर

"आमच्या कंपनीचे बल्ब उघडणं बंद कर," दादा बहिणीच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाला. आत येऊन टेकायलाही तयार नव्हता.

धाकट्या बहिणीने मान वर केली नाही. हातातल्या बंद पडलेल्या बल्बची पांढरी टोपी तिने पिळून काढली. आत गोल पत्र्यावर एलईडीचे बारा दाणे, एकावर काळा ठिपका.

"हे बघ. अकरा ठणठणीत आहेत. पण सगळे एका माळेत, एक मेला की अंधार. आणि तो मेला कशाने? भाजून."

"बल्ब म्हटला की तापणारच."

"करंट जास्त सोडलास तर तापणारच!" तिने चिमट्याचं टोक खसखशीएवढ्या दोन रेझिस्टरांवर टेकवलं. करंट किती जाणार ते ही जोडी ठरवते. त्यातला एक काढला की उजेड जरासा उतरतो आणि बल्ब वर्षानुवर्षं चालतो. तिला हे लोकांच्या मेलेल्या बल्बांनी शिकवलं. दादाला शिकवायची गरजच नव्हती, कंपनीत ही जोडी ठरवायची खुर्ची त्याचीच होती.

"दुकानात जो जास्त लखलखतो तोच गिऱ्हाईक उचलतं," तो म्हणाला. "गॅरंटी दोन वर्षांची, तेवढा चालतो ना? साहेबांना कळलंय तू माझी बहीण आहेस. नोकरी जाईल माझी, चिमे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांनी जिन्यात ठेचकाळायचं, पुन्हा नवे बल्ब आणायचे, आणि वर दटावणार हाच! चोराच्या उलट्या बोंबा. पण सख्खा भाऊ नोकरीचं म्हणत होता. तिने राग गिळला.

"बरं, बाकीच्यांचं सोडते. आईच्या न्हाणीघरातला तरी करू दे. तुझ्याच कंपनीचा आहे, कालच काढून आणलाय. सहा वर्षं झाली, आता कधीही जाईल. अंधारात पडायची ती."

"तो राहू दे," दादा घाईघाईने म्हणाला. "चाललाय ना चांगला."

"जायच्या आधीच केलेला बरा."

"चिमे, ठेव म्हटलं ना खाली!"

तोवर टोपी निघाली होती. बाराही दाणे पिवळेधमक. रेझिस्टर मात्र एकच. दुसऱ्याच्या जागी कथलाचे दोन गुळगुळीत ठिपके. इतकं नेटकं काम तिलाही कधी साधलं नव्हतं. घरात ते एकालाच साधायचं.

दादा रस्त्याकडे बघत होता. तिला संतापाने रडू आलं.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या काकू पिशवीत चार मेलेले बल्ब घेऊन आल्या. बहिणीने खुर्ची सोडली, दादाला दंडाला धरून तिथे बसवलं आणि तापलेली सोल्डर गन त्याच्या हातात दिली.

काकूंनी त्याचा कडक इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यातलं ओळखपत्र न्याहाळलं.

"यांना जमतं का गं हे?"

"उत्तम जमतं, काकू," ती म्हणाली. "आजवर फक्त घरच्यांसाठी केलंय."