एकशे चौदा, चर्च स्ट्रीट

“नाव आणि पत्ता सांगा,” कारकून मुलगी मान वर न करताच म्हणाली.

“व्हर्लीन गॅदिंग्ज. एकशे चौदा, चर्च स्ट्रीट. स्वीटगम.”

“स्वीटगम नावाचं गाव यादीत नाही हो. ब्रँटली लिहिते.”

“लिहू नका,” व्हर्लीन म्हणाली.

सभागृहात खसखस पिकली. वर मंचावर काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मंडळ बसलं होतं. स्वीटगमचं वेगळं गाव व्हावं की नाही, यावर मतदान घेऊ द्या, एवढीच लोकांची मागणी होती. वस्ती फुगत चालली होती, शाळा झाली होती, पण सरकारदरबारी स्वीटगम म्हणजे काउंटीचं नुसतं रान. टपाल शेजारच्या ब्रँटली शहराच्या नावानं यायचं. ब्रँटलीकडे रस्त्याचे दिवे मागितले, तर ‘तुम्ही आमच्या हद्दीत नाही’. काउंटीकडे मागितले, तर ‘बघू’. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना.

“व्हर्लीनबाई,” अध्यक्ष स्टॉलिंग्ज तोंडभर हसून म्हणाले, “चर्चच्या जेवणातला तुमच्या हातचा पीच कॉबलर अजून माझ्या जिभेवर आहे. आपण काय परके आहोत? गाव केलंत की महापौर आला, पोलीस आले, वर कर आला. कशाला हे नसतं झेंगट गळ्यात घेताय?”

“साहेब, ब्रँटलीतही एक चर्च स्ट्रीट आहे. तिथंही एकशे चौदा नंबरचं घर आहे.”

अध्यक्षांचं हसू मावळलं. त्यांना ठाऊक होतं. तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि तरीही तिला ते माइकपुढे उभं राहून सांगावं लागत होतं.

“मार्चमध्ये माझा नवरा क्लीटस स्वयंपाकघरात कोसळला. मी अँब्युलन्सला फोन लावून स्वीटगम, स्वीटगम म्हणून ओरडत होते. पलीकडची मुलगी म्हणाली, यादीत नाही, ब्रँटली लिहिते. अँब्युलन्स ब्रँटलीला गेली. तिथं एका धडधाकट बाईनं दार उघडलं. मी इकडं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. म्हणत होते, आली रे, आता येईलच.”

कारकून मुलीची बोटं थांबली. तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं.

तेवढ्यात घंटा वाजली. बोलायला प्रत्येकाला तीनच मिनिटं होती. घंटेला काय कळतं, पण वाजवणाऱ्याला तरी कळायला हवं होतं.

“वेळ संपली, व्हर्लीनबाई,” अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनाच कसंनुसं झालं असावं. ते पुढं वाकले, आवाज मऊ केला. “फार वाईट झालं. काउंटीतर्फे आम्ही फुलं पाठवली होती. मिळाली ना?”

“मिळाली.” व्हर्लीननं पर्स काखोटीला मारली. “तीसुद्धा आधी तिकडेच गेली. त्या बाई स्वतः घेऊन आल्या, घर विचारत विचारत. फार ओशाळल्या होत्या बिचाऱ्या. म्हणाल्या, ‘माफ करा हं, तुमच्याकडे यायचं ते सगळं आमच्याकडेच येतं.’”