लगद्याचा मुखवटा

आमची चिमी घरात अखंड बडबडते, पण चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. शाळेत तर तिला मुकीच समजतात. निदान चार मुलांत मिसळेल, म्हणून सुट्टीत तिला संग्रहालयाच्या मुखवटे बनवायच्या शिबिरात घातलं.

चौथ्या दिवशी तिला आणायला गेले, तर कागदाच्या लगद्याचा, एक कान पडलेल्या सशाचा मुखवटा चढवून ती सगळ्या पोरांना गोष्ट सांगत होती. मोठ्याने, हातवारे करत! मी दाराआडच थांबले आणि डोळे पुसले.

"मुखवटा घातला की ऐकत नाही हो ती," शिकवणाऱ्या ताई हसत म्हणाल्या.

परत जाताना तो घालूनच ती दुकानात शिरली आणि म्हणाली, "काका, एक खोडरबर द्या." आयुष्यात पहिल्यांदा.

शेवटच्या दिवशी त्या सशाला पहिला नंबर मिळाला. तो संग्रहालयात कायमचा ठेवायचा, असं ठरलं. ताईंनी संमतीचा कागद पुढे केला. मला इतका आनंद झाला होता, की चिमीला न विचारताच मी सही ठोकून दिली. मुखवटा काचेच्या कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं, टाळ्या वाजल्या. संचालकांनी माईक चिमीपुढे धरला.

"बोल बाळा, दोन शब्द."

चिमी कपाटाकडे बघत राहिली. ओठ घट्ट मिटलेले.

संचालक माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाले, "काय बोलका मुखवटा केलाय हो तुमच्या मुलीने!"