नवं बेट

आवडत्या व्हिडिओ गेममध्ये एक छोटंसं नवं बेट विकत मिळू लागल्याचं कळताच केतकीने धाकट्या भावाला, ओजसला, कॅनडात फोन लावला.

“घेऊ का रे?”

“नको ताई. दोन तासांत संपतं. सगळे नावं ठेवताहेत.”

पूर्वी दोघं एकाच वाटीतले शेंगदाणे खात खेळायची. तो हमखास वाट चुकायचा आणि ती ओरडायची. तो गेल्यापासून तिने खेळायला घेतलंच नव्हतं. फोनवरचं बोलणंही हवापाण्यापुढे सरकत नसे.

“माझ्याबरोबर खेळशील? तू तिथून, मी इथून?”



“घे,” तो म्हणाला. “पण लढाया नकोत, ताई. नुसतं किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडू. म्हणजे लवकर संपणार नाही.”