आईला कवडसा

"गुरुजी, आमची वाडीच दिसत नाही!"

शिखरावर हातात आरसा धरून कांचन रडवेली झाली होती. आईनं बजावलं होतं, "बाराच्या आत वरून कवडसा दिसला, तरच रात्री तंबूत राहायचं. नाहीतर मामा येईल तुला न्यायला." बाराला पाचच मिनिटं होती.

"वाडी वरून कधी पाहिलीस का? मग ओळखणार कशी?" मी म्हणालो. "आधी शाळेचा निळा पत्रा शोध."

"सापडला! ती विहीर... आणि ते आमचं घर? एवढंसं?"

"आता डाव्या हाताची दोन बोटं फाकव. घर त्या फटीत धर आणि आरशाचा उजेड दोन्ही बोटांवर पाड."

बोटं उजळली. तिनं आरसा हलवला. खाली काहीच नाही. पुन्हा हलवला.

तेवढ्यात तिच्या अंगणात काहीतरी लख्खकन चमकलं, थांबलं आणि मग चमकतच राहिलं.

"गुरुजी, आई काय म्हणतेय?"

"तूच सांग."

तिनं डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"जेवलीस का, विचारतेय," असं म्हणून ती डबा उघडायला बसली.