बिनविषारी

पार्लरवाल्या ताईंनी मागच्या खोलीचं दार आतून लावलं आणि मोठ्या डब्यातलं स्वस्तातलं नेलपॉलिश नरसाळ्याने छोट्या बाटल्यांत भरायला घेतलं. वासाने त्यांना ठसका लागला. बाटल्यांवर ‘घातक रसायनं नाहीत’ असं लेबल होतं. हल्ली गिऱ्हाइकं तेच मागायची. खरं बिनविषारी पॉलिश त्यांनी एकदाच आणलं होतं. ते संपलं, तेव्हा रिकाम्या बाटल्या तेवढ्या जपून ठेवल्या. रंग तोच, चमक तीच, कुणाला पत्ता लागतोय, असं त्या स्वतःला समजावायच्या.

हात धुऊन बाहेर आल्या, तर माहेरी आलेली लेक छोट्या नातीला कडेवर घेऊन कपाटासमोर उभी होती.

"आई, यातली लाल बाटली मी नेते गं. मागची संपली."

"मागची? ती कधी नेलीस?"

"गेल्या खेपेला. तू गिऱ्हाइकांत गुंतली होतीस, म्हणून विचारलं नाही."

"अगं, पण तू कुठे नखं रंगवतेस?"

"माझ्यासाठी नाही, हिच्यासाठी. रोज हट्ट धरून बसते. बाजारातलं लावायला जीव धजत नाही. तुझ्याकडचं आहे म्हणून मी निर्धास्त."

नात आजीकडे बघत अंगठा चोखत होती. ताईंनी तो हलकेच तिच्या तोंडातून बाहेर काढला. नखावर लाल रंगाची नुसती कडा उरली होती.