घरच्या नऊ चिठ्ठ्या

साना तिन्ही फेऱ्यांत शेवटची आली. गाडीतून उतरली, हेल्मेट चिखलात टाकलं आणि तरातरा ओर्वोक्कीसमोर येऊन उभी राहिली.

"माझं नाव काढून टाक. पुढच्या वर्षी मी नाही."

बावीस वर्षं ओर्वोक्की मोटार शर्यतींमधला बायकांचा हा गट सांभाळत होती. आता उरल्या होत्या पाचजणी, आणि ही साना सहावी. शर्यतींच्या मंडळाने कालच बजावलं होतं: पुढच्या मोसमाच्या पहिल्या शर्यतीला सहा गाड्या उभ्या राहिल्या नाहीत, तर बायकांचा गट बंद.

"अगं, तीन महिन्यांत कुणी शिकतं का?"

"शिकून काय करू? माझा खटारा चढावर धापा टाकतो. इर्मेलीची गाडी बघ, दर वेळी पहिली!" सानाने सात नंबरच्या गाडीकडे हात केला. "आज तिच्या गाडीवर चिठ्ठी टाकते. लागली तर राहीन. नाही लागली तर संपलं."

फिनलंडभर या हौशी शर्यतींचा एकच कायदा. शर्यत संपली की प्रत्येक गाडी विकाऊ, आणि किंमत सगळ्यांची सारखी. परवाना असलेल्या कुणीही हव्या त्या गाडीवर एक चिठ्ठी टाकावी, सोडतीत ज्याची निघेल त्याची गाडी. मालकाने नाही म्हटलं की त्याचा परवाना गेला. कुणी गाडीत पैसा ओतत बसू नये, नव्या माणसालाही जिंकायची आशा असावी, म्हणून हे सगळं.

पण इर्मेलीच्या घरचे बेरकी. नवरा ताउनो, दीर, भाचे, जावई, सगळे पुरुषांच्या गटात धावणारे. दर वेळी तिच्या गाडीवर घरच्याच नऊ चिठ्ठ्या पडायच्या आणि गाडी फिरून घरीच यायची. सात वर्षं पहिला नंबर हलला नव्हता. कायद्यात बसत होतं, म्हणून ओर्वोक्कीही गप्प होती.

कॉफीचे रिकामे डबे टेबलावर ओळीने मांडले होते, प्रत्येकावर गाडीचा नंबर. सानाने सात नंबरच्या डब्यात चिठ्ठी टाकली तसा ताउनो खो खो हसला.

"टाक बाई, टाक! दहात एक तुझी. बघ नशीब उघडतंय का!"

चिठ्ठ्यांना तासभराची मुदत. ओर्वोक्कीला एका जागी बसवेना. टेबलापासून फाटकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. हातातली कॉफी गारढोण झाली. शेवटी राहवलं नाही. इर्मेली शेकोटीवर सॉसेज भाजत होती, तिथे जाऊन ती थडकली.

"बारा पोरी आल्या आणि गेल्या. मी त्यांनाच नावं ठेवत बसले, आजकालच्या पोरींना दम नाही म्हणून. अगं, तुझ्या नऊ चिठ्ठ्यांनी घालवल्या त्या! आणि मी मख्खासारखी बघत राहिले."

इर्मेलीचा चेहरा लाल झाला. "कायद्याबाहेर काही केलं का मी?"

"नाही केलंस. पुढच्या वर्षी धाव मग एकटीच, आणि ये पहिली!"

इर्मेली सॉसेज उलटंपालटं करत राहिली. मग नवऱ्याला हाक मारली. "चिठ्ठ्या आण रे इकडे. आज मीच टाकते."

ओर्वोक्कीला रडू यायचं तेवढं बाकी होतं. सांगून काय उपयोग झाला, शून्य!

मुदत संपली. सगळे टेबलाभोवती जमले. साना सगळ्यात मागे उभी होती. बाकीचे डबे उरकून ओर्वोक्कीने सात नंबरचा डबा उपडा केला. एक चिठ्ठी पडली. तिने बुडावर थापट्या मारून पाहिल्या. एकच.

"साना," तिने वाचलं, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"आं? आणि आमच्या नऊ कुठे गेल्या?" ताउनो ओरडला.

इर्मेलीने हातातली काडी शेकोटीकडे रोखली. "जाळ कमी पडत होता."

तिने खिशातून किल्ली काढून सानाच्या हातात कोंबली. "दुसरा गिअर जरा हट्टी आहे. घाई करू नकोस, दाबून धर."

साना रडतही होती आणि हसतही होती. मग एकदम तिने इर्मेलीकडे पाहिलं. "पण तुझ्याकडे गाडी कुठाय आता? तू नाही आलीस तर पुन्हा पाचच!"

ओर्वोक्कीच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. सहावी राहिली आणि पहिली गेली, मग मिळवलं काय?

इर्मेलीने टेबलाच्या टोकाच्या डब्याकडे मान वळवली. सानाच्या गाडीचा डबा. त्यात कधी कुणी काही टाकत नसे, म्हणून तो आज उघडायचाही राहिला होता. ओर्वोक्कीने तो उपडा केला. आत एक चिठ्ठी होती. इर्मेलीच्या नावाची.

ताउनोने कपाळावर हात मारला. "त्या खटाऱ्यात? अगं, शेवटची येशील!"

"मग येईन की," इर्मेली म्हणाली. "सहाजणींत कुणीतरी शेवटची यायलाच हवी."