गोड पाणी

"नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात तीस वर्षं काढलीत मी. चार नळ्या जोडायला मेकॅनिक कशाला?" म्हणत सासरे सिंकखाली शिरले. आरओचं मशीन नकोच म्हणणारेही तेच होते, म्हणून मी मुकाट्याने पाना हातात दिला.

मशीनचा दिवा लागला आणि घरात कौतुकच कौतुक. "काय गोड पाणी!" नवरा म्हणाला. शेजारच्या इनामदारबाई तर रोज बाटली भरून नेऊ लागल्या.

तीन महिन्यांनी सर्व्हिसिंगवाला सिंकखाली डोकावला आणि हसतच बाहेर आला. "ताई, नळ सरळ पालिकेच्या लाईनला जोडलाय. मशीनमध्ये थेंबही गेलेला नाही."

मी चिडून सासऱ्यांकडे वळले. ते निवांत पेला भरत होते.

"तीस वर्षं गावाला हेच पाजलं," ते म्हणाले. "एकदा तरी कुणी गोड म्हणालं?"